पहिली फेरी शंकरप्पांची

"पहिली फेरी आप्पांचीच. न्हायतर गावातलं कुणी त्या भुयारात पाय ठेवायचं न्हाय," शंकरप्पांची लेक रुद्रम्मा म्हणाली.

गढीचा कारभार बघणारे पेशकार वसंतराव तिच्याकडे बघतच राहिले. गेला महिनाभर ते तिच्या उंबऱ्यावर हात जोडत होते आणि शिव्या खाऊन परतत होते. आणि आज, ऐन उद्घाटनाच्या सकाळी, ती आपण होऊन गढीवर आली होती.

नळदुर्गाच्या अलीकडं, सडकेला लागून ही छोटीशी जहागिरी. जहागीरदार अमृतराव विलायतेला जाऊन आले आणि तिथली जमिनीखालून धावणारी रेल त्यांच्या डोक्यात बसली. निजामाच्या अख्ख्या मुलखात नाही ते आपल्या कसब्यात हवं! गावाला वेठीला धरून त्यांनी गढीपासून सडकेवरच्या बाजारापर्यंत भुयार खणवलं, रूळ टाकले आणि माणसांनी ढकलायची गाडी आणवली.

भुयार गेलं ते नेमकं रुद्रभूमीखालून. लिंगायतांची ती पुरायची जागा. वर खड्डे पडले तर छत बसेल, म्हणून अमृतराव सरकारांनी दवंडी पिटवली. यापुढं तिथं कुणाला पुरायचं नाही. वरून कुदळ लावील त्याचा हात तोडू.

रुद्रम्माची आई मल्लम्मा तिथंच पुरलेली होती. तिच्या शेजारची जागा शंकरप्पांनी स्वतःसाठी राखलेली. भर चावडीत म्हातारा सरकारांना म्हणाला होता, "मी जाईन तर तिच्याशेजारीच. तुम्ही काय करायचं ते करा." त्या दिवसापासून ते सरकारांशी चकार शब्द बोलले नव्हते.

मग बोभाटा झाला की हे भुयार माणूस गिळणार. निजामाचे तालुकदारसाहेब खास धाराशिवहून आलेले, आणि गाडीत बसायला माणूस नाही. सरकारांनी पेशकारांना बजावलं होतं, "शंकरप्पा बसला तर गाव बसेल. त्याला बसव, नाहीतर पेशकारी विसर."

"पण त्यांची तब्येत?" वसंतरावांनी विचारलं.

"कालपासून खोकला पार थांबलाय."

"आणि सरकारांना चारचौघांत काही बोलले तर?"

"एक शब्द बोलायचे न्हायत. पर गाडीसंगं आमचीच माणसं. तुमचा शिपाई नको. मठाचे महारुद्रस्वामी पुढं शंख वाजवत जातील. नव्या वाटेची पूजा नको?"

"होऊ दे पूजा. पण दवंडी ध्यानात आहे ना? वरून कुदळ..."

"वरून न्हाय लागायची," ती म्हणाली. तिचे डोळे लालबुंद होते. वसंतराव निरखून बघतायत म्हटल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला. "चुलीचा धूर, दुसरं काय!"

वसंतराव भुयार बघायला आत उतरले. रुद्रभूमीच्या खाली, भिंतीत एक भला मोठा कोनाडा खणलेला दिसला. माती अजून ओली होती.

"हे काय रे?"

"दिव्याचा कोनाडा," वेठीवरचा रेवणसिद्ध कुदळ टेकवत म्हणाला.

"एवढा? यात बैल मावेल की!"

"सरकारचा दिवा हाय, पेशकारसायब. पणतीएवढा बरा दिसंल का?"

वसंतराव हसत बाहेर आले. गावातून जाताना त्यांच्या लक्षात आलं, एकाही घरावर धूर नव्हता. गढीवर जेवणावळ असताना कोण कशाला चूल पेटवतो!

दुपारी शंकरप्पांना चौरंगासकट खांद्यावरून आणलं. पाय त्यांचे कधीचेच गेलेले. मांडी घालून ताठ बसवलेले, तोल जाऊ नये म्हणून पाठीला फळी, अंगभर शेला. कपाळावर भस्माचे पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले.

"आप्पा, एवढं मनावर घेतलंत, आता सरकारांशी बोला की," वसंतराव हळूच म्हणाले.

"पूजेत हायेत," रुद्रम्मा मध्ये पडली. "सरकार, हार तुमच्या हातानं घाला."

सरकारांनी हार घातला. म्हाताऱ्यानं डोळा उघडला नाही. सरकारांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण पाहुण्यांसमोर ते हसले.

"बघा तालुकदारसाहेब, अजून अकड गेलेली नाही!"

चौरंग गाडीत चढवला. शेजारी टोपलीभर बेल, विभूतीचे गोळे. सरकारांनी फीत कापली, बाजा वाजू लागला, स्वामींनी शंख फुंकला आणि चौघांनी गाडी आत ढकलली. गाव नुसतं उभं होतं. कुणी टाळी वाजवली नाही.

सडकेला हात लावून गाडी लगेच परतायची होती. परतेना. तालुकदारांनी घड्याळ काढून पाहिलं, पुन्हा पाहिलं. वसंतराव भुयाराच्या तोंडाशी जाऊन आत डोकावले. म्हाताऱ्यानं आत काही उलटंसुलटं केलं, तर आपली पेशकारी बुडालीच!

अखेर चाकं खडखडली. गाडी उजेडात आली. रेवणसिद्धाचे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. टोपली रिकामी. चौरंग रिकामा.

"शाब्बास!" सरकार ओरडले. "पोचला तर शेवटी! कुठं उतरवला रे म्हाताऱ्याला? बाजारात?"

रुद्रम्मा पुढं झाली.

"आईच्या शेजारी," ती म्हणाली. "काल दिवेलागणीला गेले आप्पा. हार तुम्ही घातला, बाजा तुम्ही लावला. अन् वरून एक कुदळ लागली न्हाय, सरकार."