दगडाबाईची मूठ

नातीनं शाळू पेरायला ट्रॅक्टरचं यंत्र आणलं आणि दगडाबाईच्या मुठीला काम उरलं नाही. पन्नास वर्षं बैलांच्या पाभरीमागं चालत, चाड्याच्या लाकडी वाटीत दाणे सोडत तिनं हे रान पेरलं होतं. “आज्जे, दोन दाण्यांत अंतर किती ठिवू?” ट्रॅक्टरवर चढण्याआधी उत्कर्षानं विचारलं. दगडाबाईला आकडा सांगता येईना. तिनं पदर खोचला, मूठभर शाळू घेतला आणि बांधापर्यंत दाणे सोडत चालून दाखवलं. उत्कर्षा टेप लावत मागून गेली. दर वेळी तोच आकडा! बांधाशी मात्र चिमूटभर दाणे एकाच जागी पडले होते. “हितं चुकलीस बघ.” “चुकलं न्हाई, बाय. ते पाखरांचं हाय.” उत्कर्षानं यंत्रावर अंतर लावलं, पण पाखरांचं कुठं लावायचं ते कळेना. मग दिवसभर बांध आला की ट्रॅक्टर थांबायचा आणि मडगार्डवरची दगडाबाई मूठ भरून उतरायची.