लॅमिनेट केलेला ताप

"आधी हे बघा," म्हणत सासूबाईंनी पर्समधून लॅमिनेट केलेला कागद काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "गरोदरपणातला ताप. पाचव्या महिन्यात, पाच दिवस, एकशे तीन! तिथेच पोराच्या डोक्याचं वाटोळं झालं."

ते पोर पाच वर्षांचं होतं आणि कोपऱ्यात ठोकळ्यांची रांग लावत होतं. त्याला जेमतेम सात शब्द येत. त्याच्या आईला आज एकच गोष्ट हवी होती, डॉक्टरांच्या बोलायला शिकवणाऱ्या वर्गात प्रवेश. एकच जागा उरली होती. पण तिथे शिकवलेलं घरी रोज घोटून घ्यावं लागे, म्हणून घरात मुलाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाची सही लागायची. दिवसभर सांभाळायची ती आजी.

आजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. तीन वर्षांपूर्वी त्या आपल्या मुलाकडे राहायला आल्या आणि आल्या आल्या कपाटं आवरायला घेतली. तेव्हा सुनेच्या तापाचा हा दवाखान्यातला कागद हाती लागला आणि त्यांनी तो लगेच लॅमिनेट करून घेतला. तेव्हापासून नातेवाईक, शेजारीपाजारी, झालंच तर नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर, सगळ्यांना तो दाखवून झाला होता. थोरल्या नातवाचं गणित आजीवर गेलं होतं आणि धाकट्याचं न बोलणं आईच्या तापावर. घरात अशी रीतसर वाटणी झाली होती.

सुनेने सुरुवातीला एकदा तोंड उघडलं होतं. "आई, तो ताप..."

"सारवासारव नको," सासूबाईंनी वर्गाबाहेर काढावं तसं तिला गप्प केलं. नवऱ्याला विचारावं, तर त्याला स्वतःच्या लग्नाची तारीखही बायकोला विचारावी लागे. "ताप होता खरा," एवढीच साक्ष त्याने दिली. मग तिने नाद सोडला. कागद फाडून टाकावासा वाटे, पण लॅमिनेट केलेलं फाटत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, ऐकून ऐकून तिला स्वतःलाही आपलंच काहीतरी चुकलं असावं असं वाटायला लागलं होतं.

"आता शिकवून काय उपयोग?" सासूबाई म्हणाल्या. चौतीस वर्षं शिकवण्याचाच पगार घेतलेल्या बाई हे बोलत होत्या.

"एकट्या तापावरून काही ठरत नाही, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "आणि शिकवल्याने फरक पडतो." त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "पण ही तारीख तर नऊ वर्षांपूर्वीची आहे. हा पाचच वर्षांचा आहे ना?"

सासूबाईंनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. तारीख तीच राहिली.

"तो ताप थोरल्याच्या वेळचा," सून म्हणाली. "तुम्ही त्याची पदकं हॉलमध्ये लावलीत ना, त्याच्या वेळचा. धाकट्याच्या वेळी मला साधी सर्दीसुद्धा झाली नाही." हे बोलून तिने फॉर्मवर सही केली आणि तो सासूबाईंपुढे सरकवला.

डॉक्टर बघत होत्या. नाही म्हणायला आता निमित्तच उरलं नव्हतं. सासूबाईंनी मुकाट्याने सही केली, पेनाला टोपण लावलं आणि सुनेकडे वळल्या.

"साधी सर्दीसुद्धा नाही? मग नऊ महिने तू केलंस तरी काय?"