तोंडावर बोट

२०४३ सालची गोष्ट. कुडाळजवळच्या एका शाळेत तपासणीला साहेब आले होते. स्वमग्न मुलांना तेव्हा कानामागे रडणं-ओरडणं दाबणारी शांतपट्टी लावल्याशिवाय साध्या वर्गात बसू देत नसत. पट्टी येण्याआधी, घंटा झाली की त्यांच्यातलीच शर्वाणी किंचाळायची आणि लोंढेबाई तिला घेऊन चिंचेखाली बसायच्या.

"हाताची घडी, तोंडावर बोट!" साहेब म्हणाले. चाळीस बोटं ओठांवर गेली. "हीच ना ती मुलगी? कशी शहाण्यासारखी बसलीय! बाळ, बरी आहेस ना?"

"हो सर, छान."

साहेब वहीत शेरा लिहू लागले. बाई मात्र तिच्या बोटाकडे बघत राहिल्या. दारात चेमटून नख निघालं होतं, रक्त हनुवटीवर ओघळत होतं. त्यांनी पट्टी ओढून काढली. शर्वाणीने किंकाळी फोडली.

"आधी लावा ती!" साहेब ओरडले.

"रडू दे हो, दुखतंय तिला," म्हणत बाईंनी पट्टी खिडकीबाहेर फेकली.

बाईंची नोकरी गेली. शर्वाणीचं नाव पटावरून काढलं. ती घरीच असते. साहेब पुढे संचालक झाले. शाळेत आता पहिलीच्या सगळ्याच मुलांना पुस्तकांबरोबर पट्टी मिळते. मधल्या सुट्टीतसुद्धा आवाज येत नाही.