गज तारेला लागला नाही

शाहवलद उस्तादांनी डफ उचलून गालाशी धरला. डोळे मात्र मिटले नाहीत. मुसैबनं शेजारच्या नुसरतला कोपरानं ढोसलं.

"बघ. पुन्हा तुझ्या बोटांकडे बघतायत."

"बघू देत की. लग्नात आलायस, वाजव गुमान," म्हणत नुसरत आपल्या तारवाद्याच्या खुंट्या पिळू लागला.

चौदा वर्षं मुसैब उस्तादांच्या गाण्यामागे गजानं वाजणारा, सारंगीसारखा कमांचा वाजवत होता. मुगामचे राग गाताना त्यांचे डोळे कधी उघडे नसत. यंदाच्या द्राक्षतोडणीपासून ते उघडे राहू लागले होते. मागून हाक मारली तर उस्ताद वळतही नसत. मुसैबनं हे बोलून दाखवलं, तेव्हा नुसरतनं त्यालाच झापलं होतं, "गुरूच्या पाठीमागे असलं बोलू नये. तुझ्याच मनात पाप आहे." पण भर मांडवात एकदा सूर सुटला, तर तिघांनाही पुन्हा कोण बोलावणार?

नवरदेवाच्या बापानं सेगाह रागाची फर्माईश केली. उस्तादांचा आवाज चढत गेला, वर जाऊन थांबला. आता कमांच्यानं एकट्यानं उत्तर द्यायचं. नुसरतनं हात तारांवरून काढला.

मुसैबनं गज तारेच्या केसभर वरून फिरवला. मान वाकवून, नेहमीसारखा, पूर्ण लांबीचा. आवाज आला नाही. कुणीतरी ताटात सुरी ठेवली, ती सगळ्यांना ऐकू आली.

उस्तादांनी गजाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "शाब्बास, पोरा," हळूच म्हणाले आणि पुढची ओळ उचलली. सूर जिथे हवा तिथेच लागला. नुसरतनं घाईघाईनं साथ धरली. पाहुण्यांना वाटलं, ती शांतता गाण्यातलीच.

मुसैबला हवं होतं ते कळलं होतं. 

गाणं संपल्यावर उस्ताद मांडवामागच्या नळावर हात धूत होते. मुसैब समोर येऊन उभा राहिला.

"आज उत्तर देताना तुझ्या गजाची राळ उडाली नाही," ते म्हणाले.

मुसैबनं बाहीवर पडलेली राळेची पांढरी भुकटी झटकली.

"उन्हाची तिरीप तुझ्यावरच होती. गज तारेला लागला की राळ उडते. हल्ली मी तीच बघतो."

"मग मान कशाला डोलावलीत?"

"तीनशे माणसं होती मांडवात. त्यांच्यादेखत तुला उघडं पाडू?"

मुसैबनं तळव्यानं तोंड झाकलं. "चुकलो, उस्ताद," तो पुटपुटला. "केव्हापासून ऐकू येत नाहीये?"

उस्ताद टॉवेलला हात पुसत त्याच्या झाकलेल्या ओठांकडे पाहत राहिले.

"तोंडावरचा हात काढ," शेवटी ते म्हणाले, "आणि मग विचार."