बी.कॉम.च्या वरचं

“आमचा गौरीशंकर बी.कॉम. अपिअर हाय,” मल्लिनाथ पाटलांनी बशीतला चहा फुर्रकन ओढून सांगितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

दाराआड उभ्या महादेवीला हसू आवरेना. अपिअर म्हणजे परीक्षेला बसला, पण पास काही झाला नाही, हे बारावी झालेल्या पोरीला कळत नाही होय! पण हसून करते काय? पाटलांची बागायत, दारात ट्रॅक्टर, आणि वर ‘हुंडा नको, नुसती मुलगी द्या’ म्हणणारी दिलदार माणसं. तिचा बाप बसवंत जळकोटच्या हायवेवर पंक्चर काढणारा. त्याच्या घरी असलं स्थळ चालून आलं म्हणून अख्खी गल्ली हरखली होती. पण सोमवारी महादेवीला धाराशिवला जाऊन बी.एस्सी.ला नाव घालायचं होतं. इथं सुपारी फुटली की खेळ खलास. सुनेनं मुलापेक्षा जास्त शिकायची आपल्यात पद्धत नाही, हे पाटलांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

“बी.कॉम., आन् त्याच्याबी वर अपिअर!” बसवंतनं तोंडात बोट घातलं. “मग हे जमायचं न्हाय, पाटील.”

“का वो?”

“आमची पोर नुसती बारावी. जोडा शोभायला नको व्हय? एवढ्या शिकल्याल्या पोराच्या गळ्यात हे काय बांधलं म्हणून लोक तुमालाच नावं ठेवतील.”

महादेवीनं कपाळावर हात मारून घेतला. अप्पांचं हे असंच. कुणी काहीही सांगावं आणि यांनी मान डोलवावी!

“अवो, अपिअर म्हंजी तसं काय लई मोठं नसतंय,” पाटील गडबडले.

“बघा, शिकल्यालं घर! जरा म्हणून गर्व न्हाय.”

“मग काय असतंय वो अपिअर म्हंजी?” महादेवीच्या आईनं, प्रेमाबाईनं, भाबडेपणानं विचारलं.

नवरदेव पंख्याकडं बघायला लागला. पाटलीणबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

“मोठंच असतंय,” पाटील घाम पुसत म्हणाले. “लईच मोठं.”

“मग झालं तर! तीन वर्सं थांबा. पोर बी.एस्सी. हू द्या, मग बघू सुपारीचं. तरीबी तुमच्या पोराच्या एक पायरी खालीच ऱ्हाईल, काळजी करू नका.” बसवंतनं हात जोडले.

पाटील पोराकडं डोळे वटारून उठले. सुपारी तशीच पिशवीत टाकून मंडळी गाडीत बसली.

महादेवीला उड्या माराव्याशा वाटत होत्या. पण बापाची कीवही येत होती. उद्या कुणी खरं सांगितलं तर गावभर हसं व्हायचं बिचाऱ्याचं. न राहवून ती त्याच्याजवळ गेली.

“अप्पा, अपिअर म्हंजी वरची डिग्री न्हाय वो. नापास झाल्याला!”

बसवंतनं चुलीकडं चोरून बघितलं.

“हळू बोल, तुझी आई ऐकंल. म्याबी दहावी अपिअरच हुतो, आन् त्याला भुलून तिच्या बापानं तिला नववीतनं उठवून मला दिली.”