गाडीतली लाजाळू

इंदुताईंनी गाडीच्या वायरींना सकाळचं पाणी घातलं आणि ती गॅरेजात आणली. लाजाळूच्या पेशींपासून वाढवलेल्या त्या हिरव्या वायरी त्यांनी लेकरासारख्या जपल्या होत्या. पण रस्त्यावर दिवे अधूनमधून विझत, आणि आज दोष सापडला नाही तर मुलगा सगळ्या वायरी उपटून जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या बसवणार होता.

बाबू मेस्त्रीने नेहमीप्रमाणे बंपरची लिंबू-मिरची सोडवून अदबीने बाकावर ठेवली आणि बॉनेट उघडलं. दिवे लख्ख लागले. त्याने गाडी हलवली, ठोकली, पण दिवे काही विझेनात.

"मावशी, माझ्याकडे आली की ही अगदी गुणी बाळ होते बघा!"

"आणि तू परत लिंबू-मिरची बांधलीस की नाक्यावरच्या खड्ड्यात हिचे नखरे सुरू," म्हणता म्हणता इंदुताई थबकल्या. "बाबू, आण रे ती इकडे."

त्यांनी लिंबू-मिरची आधी बांधलेली होती तिथेच धरून हलवली. बंपरच्या फटीतून बाहेर आलेल्या कोवळ्या कोंबाला मिरचीचं टोक लागलं. कोंबाने चटकन पानं मिटली आणि दिवे गेले. थोड्या वेळाने पानं उलगडली, दिवे आले.

"अगं लाजरे!" इंदुताई हसत सुटल्या. "दृष्ट लागू नये म्हणून बांधलं, तेच तुला टोचत होतं होय!"

"मग हे टाकून देऊ, मावशी?"

"छे! मागे बांध," स्टिअरिंग धरत त्या म्हणाल्या. "आज मी कोणाला पुढे जाऊ देत नाही. दृष्ट लावणारे सगळे मागेच राहतील."