न उघडलेला फोटो

‘आई, मुलगी झाली! फोटो बघ.’ चॅटवर रेवतीचा निरोप आला आणि कुमुदिनीबाईंचं बोट स्क्रीनजवळ थबकलं. त्यांच्या छातीतलं हृदयाचं यंत्र फोनशी जोडलेलं होतं. शेजारच्या गद्रेंनी असाच फोटो उघडला, व्हायरस त्यांच्या हृदयाच्या यंत्रात शिरला आणि गद्रे गेले. फोन करून विचारावं, तर हे व्हायरस ओळखीच्या माणसांचे आवाजही हुबेहूब काढत. त्यांना धीर धरवेना. फोन बंद करून त्या लेकीकडे जायला अमरावतीच्या एसटीत बसल्या.

दार रेवतीनंच उघडलं. पोट अजून तसंच, भरलेलं.

“आई, तू अशी अचानक?”

“तू फोटो पाठवलास ना?”

“कसला फोटो?”

कुमुदिनीबाईंनी बंद फोन पर्सच्या तळाशी सारला. मग लेकीचा हात घट्ट धरून म्हणाल्या, “बाळ होईपर्यंत मी इथून हलत नाही.”